काउंटरवर राहिलेलं पेन

"नवं पेन उद्या थेट पेपरला काढू नकोस. आज दोन पानं लिहून बघ, मग ने."

रात्रीचे साडेनऊ. अप्पा बळवंत चौक, शटर अर्धं खाली आलेलं. दुकानदार काका एका बारावीच्या मुलाला सांगत होते. मी मागे लेकीच्या पॅडसाठी उभा.

"लिहायला वेळ कुठंय काका! तीन चॅप्टर राहिलेत. आज नाइट मारायचीये."

काकांनी सुट्टे मोजता मोजता विचारलं, "हॉलतिकीट कुठंय?"

मुलगा गप्प. खिसे चाचपले, सॅक उलटीपालटी केली. मग एकदम, "आईशप्पथ, झेरॉक्सवाल्याकडं!" आणि जो पळाला! पेन काउंटरवरच.

हसलो खरा, पण गाडीला किक मारताना माझी बारावी आठवली. रात्रभर जागून घोटलेलं इंटिग्रेशन सकाळी समोर आलं आणि डोकं कोरं. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ऐकलं असतं का, कुणास ठाऊक.

घरी आलो तर लेकीनं पुस्तकं मिटलेली. स्वतः काढलेला सूत्रांचा एकच कागद हातात. पारदर्शक पाऊचमध्ये हॉलतिकीट आणि दोन वापरातली पेनं. पेपर 11 चा, साडेदहाला हॉलमध्ये हवं, सिंहगड रोडचं ट्रॅफिक धरून नऊला निघायचं, हेही तिनंच ठरवलेलं.

साडेदहाला झोपलीसुद्धा.

आता पावणेबारा वाजलेत. हॉलतिकीट मी तिसऱ्यांदा बघून आलोय. पेपर नक्की कुणाचा आहे?