मुद्दत आणि मुदद

मी पुण्यात घरूनच अरबीच्या भाषांतराची कामं करते. बहुतेक सगळं जन्मदाखले, मार्कशीट, निकाहनामे आणि आखाती कंपन्यांची कॉन्ट्रॅक्टं. राज्यघटना वगैरे कोणी आणून देत नाही, त्यामुळे एका प्रकाशकाने स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी पुस्तक काढतोय, इजिप्तच्या घटनेतली काही कलमं हवीत, १९७१ची जुनी आणि २०१४ची चालू, असं सांगितल्यावर मी रेट न विचारताच हो म्हणून बसले. रेट नंतर कळला, शब्दावर पैसे, आणि तेही अरबी शब्द मोजून. अरबीत 'अल' (इंग्रजीतल्या 'द'सारखं), 'लि' (साठी), 'व' (आणि) हे सगळं पुढच्या शब्दाला चिकटून लिहितात, म्हणजे आपले तीन शब्द तिकडे एकाच शब्दात बसतात. असो.

कलम २ वर मी अर्धा दिवस घालवला. १९७१मध्ये शरियतची तत्त्वं ही कायद्याचा 'मस्दर रईसी' होती, १९८०मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातने दुरुस्ती आणली आणि झालं 'अल-मस्दर अर-रईसी'. फरक फक्त 'अल'चा, पण मराठीत तो दाखवायचा कसा, दोन्हीकडे 'मुख्य स्रोत'च येतं. शेवटी जुन्याला "एक मुख्य स्रोत" आणि नव्याला "हाच मुख्य स्रोत" केलं आणि त्या एका 'च'वर इतकी खूश झाले की पुढचं कलम चहा पिता पिता उरकलं. तिथेच घात झाला.

कलम ७७. राष्ट्राध्यक्षाची मुदत सहा वर्षं, आणि त्याला पुन्हा निवडता येईल... इथे मी लिहिलं "आणखी एका मुदतीसाठी".

पानं लागली, प्रूफ आलं, संपादक साहेबांनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बदललं आणि ओके केलं. मग संध्याकाळी त्यांच्या डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन. "मॅडम, एक डाऊट होता. ७७मध्ये आणखी एकदाच निवडता येईल असंय, आणि शेजारच्या चौकटीत राष्ट्राध्यक्ष मुबारक निवडून आल्याची वर्षं, १९८१, ८७, ९३, ९९ आणि २००५. हे पाच होतात ना?"

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "अरे, तिकडे कायदा कोण पाळतं!" तो "बरं मॅडम" म्हणाला आणि फोन ठेवला.

रात्री भांडी घासताना ते डोक्यात वळवळायला लागलं. लॅपटॉप उघडला. प्रकाशकाने पाठवलेला स्कॅन म्हणजे कुठल्याशा लायब्ररीतल्या झेरॉक्सची झेरॉक्स, ती चारशे टक्के झूम केली. शब्द 'मुद्दत' नव्हताच. 'मुदद' होता, अनेकवचन. आपली मुदत याच शब्दावरून आली, पण आपण त्याचं अनेकवचन 'मुदती' करतो, अरबीत शब्दाचं पोटच बदलतं. लिहिताना मात्र फरक शेवटच्या एका अक्षराचा, 'त' गोल आणि डोक्यावर दोन टिंबं, 'द' कोयत्यासारखा वाकलेला, आणि घाण झेरॉक्सवर दोन्ही एकच डाग. पुढच्या विशेषणावरून तरी कळावं ना, तर तेही नाही, कारण निर्जीव वस्तूंच्या अनेकवचनाला अरबीत विशेषण स्त्रीलिंगी एकवचनीच लागतं. मुद्दत असो नाहीतर मुदद, पुढे 'उख़रा'च, म्हणजे 'आणखी'. मूळ घटनेत एकदाच फेरनिवड होती हे मला आधीपासून पाठ होतं, म्हणून डोळ्याने तेच वाचलं.

म्हणजे "आणखी मुदतींसाठी". कितीही. ही दुरुस्तीही १९८०च्या त्याच सार्वमतातली, 'अल'वाल्या कलमासोबत एकाच ताटात वाढलेली. सादातला स्वतःला तिचा काही उपयोग झाला नाही, ६ ऑक्टोबर १९८१ला त्याला गोळ्या घातल्या. उपयोग झाला मुबारकला, फेब्रुवारी २०११पर्यंत. आणि २००५च्या आधीच्या चारही वेळा समोर दुसरा उमेदवारच नाही, संसदेने दोन तृतीयांश मतांनी एक नाव ठरवायचं आणि लोकांनी हो की नाही म्हणायचं. सगळं कलमात बसवून. कायदा कोणी मोडलाच नव्हता, आणि मी, एवढी वर्षं ही भाषा विकून खाणारी, त्या पोराला काय ऐकवलं तर तिकडे कायदा कोण पाळतं. माझी चूक मला दिसली नाही कारण ती माझ्या डोक्यातल्या इजिप्तला चपखल बसत होती.

सकाळी संपादकांना फोन केला तर "अहो, एका अक्षरासाठी पान पुन्हा कशाला, मुलं एवढं वाचत नाहीत." त्यांच्याशी वाद घातला नाही, थेट त्या मुलाला केला. त्याने पाच मिनिटांत बदलून स्क्रीनशॉट पाठवला.

नंतर २०१४चा भाग लावतानाही त्याचा फोन आला. मुदत चार वर्षं होती, २०१९मध्ये सहा केली, आणि कलम २४१ला एक 'मुकर्रर' जोडलं, म्हणजे आपलं २४१-अ, मुशायऱ्यात दाद देताना म्हणतात तोच शब्द. त्यात चालू अध्यक्ष सिसी यांची हातातली मुदत वाढवून वर आणखी एकदा उभं राहायची सोय आहे, त्यामुळे ते २०३०पर्यंत. हे मी त्याला नीट समजावलं. कलम १४०ही वाचून दाखवलं, दोनपेक्षा जास्त लागोपाठ मुदती नाहीत.

"लागोपाठ?" तो म्हणाला. "मग मधे एक टर्म सोडली तर?"

मी मूळ काढून पुन्हा वाचलं. मुद्दतैन, अरबीतलं द्विवचन, आणि त्याच्या पुढे विशेषण 'मुततालियतैन'. लागोपाठच. या वेळी स्कॅन स्वच्छ होता.