‘त्यांच्यात’ आणि आपल्यात

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुंबईत गोवंडीच्या मुस्लिम वस्तीत बायकांच्या बचत गटांचे हिशेब बघते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तुमचाही तोच: “त्यांच्यात धर्मामुळे बायकांना कामाला जाऊ देत नाहीत ना?”

बऱ्याच घरांत नाही देत. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘त्यांच्यात’ म्हणताना आपण आपलं घर विसरतो. मुंबईच्या इस्पितळांत इतक्या मल्याळी ख्रिश्चन नर्स का दिसतात? परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, मलमूत्र काढायचं, वर रात्रपाळी. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरांना मुलीसाठी हे नको होतं. मिशनच्या दवाखान्यांनी त्यालाच सेवा मानलं आणि मुलींना शिकवलं. उलट कोळणी बघा. हिंदू असो की ख्रिश्चन, पहाटे भाऊच्या धक्क्यावर मासळीची बोली लावायला हजर. पिढीजात धंदा असला की धर्माची हरकत कुठे जाते कोण जाणे!

आणि गोवंडीतल्या बायका काम करत नाहीत हे कुणी सांगितलं? जरीकाम, मणी ओवणं, खोट्या दागिन्यांना खडे चिकटवणं, सगळं घरबसल्या चालतं. जनगणनेवाल्याने विचारलं तर मात्र म्हणतील, “घर पे ही रहती हूँ.” पैगंबरांच्या बीबी खदिजा व्यापार करायच्या, हेही मला या बायकांनीच ऐकवलंय, सासूला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं. पीठ घरी न्यायचं, पापड लाटून परत द्यायचे. घर न सोडता कमाई, म्हणजे गोष्ट तीच. तिचं आपण तोंडभरून कौतुक करतो. फरक पुढे आहे: लिज्जतच्या बहिणी मालकीणही आहेत, नफ्यात त्यांचा वाटा असतो. गोवंडीत माल घेऊन शेठचा माणूस दारात येतो, डझनाचा दर तोच सांगतो. पलीकडच्या गल्लीत काय दर चाललाय, हे घरातल्या बाईला कळायचं कसं? पडदा महाग पडतो तो इथे.

“आधी बुरखा काढायला लावा,” असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. मी वस्तीतच कामासाठी एक खोली मागते, पाळणाघरासकट. घराजवळ, सगळ्या बायकाच, म्हटल्यावर सासवाही फार ताणत नाहीत. आणि चार जणी एकत्र बसल्या की पहिली चौकशी दराचीच होते.