एका श्रुतीने उतरलेलं साउंड कार्ड

नव्वदच्या दशकात पुण्यात घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या आम्हा मंडळींना साउंड कार्डाच्या, म्हणजे कॉम्प्युटरमधून आवाज काढणाऱ्या कार्डाच्या, तक्रारी पाठ होत्या. आवाजच येत नाही, आवाज खरखरतो, गेम सुरू झाला की मशीन हँग होतं, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहतो. कारणंही पाठ होती. कार्डाचा पत्ता २२०, त्याची इंटरप्ट लाइन (प्रोसेसरला हाक मारायची तार) आणि डीएमए चॅनल (मेमरीतून थेट माल आणायची वाट) या तिघांपैकी काहीतरी दुसऱ्या कार्डाशी भिडलेलं असायचं. इंटरप्ट ७ वर ठेवलं तर प्रिंटर पोर्टशी भांडण, म्हणून जंपर काढून ५ वर लावायचा, मशीन सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्सेक फाइलीत ‘सेट ब्लास्टर’ची ओळ दुरुस्त करायची, मशीन रीबूट करायचं आणि चहा घेऊन निघायचं.

१९९६ मध्ये सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून आलेली तक्रार मात्र यात कुठेच बसत नव्हती. फोनवर बाई एवढंच म्हणाल्या, “तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्ये सूर उतरतो.”

बाई गाणं शिकवायच्या. त्यांच्या गुरूंनी दिलेल्या तालमीच्या कॅसेटी त्यांच्याकडे होत्या आणि टेपला बुरशी धरू लागली होती. त्यांचा एक शिष्य पिंपरीच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने बाईंचाच कॅसेट डेक कोथरूडला आपल्या घरी नेला, आपल्या मशीनमधल्या साउंड ब्लास्टर १६ या कार्डाला जोडला आणि दहा मिनिटांचा एक तुकडा नमुना म्हणून कॉम्प्युटरवर उतरवला. स्टिरिओ, ८ बिट, सेकंदाला २२,०५० सॅम्पल, म्हणजे आवाजाची तेवढी मापं. म्हणजे मिनिटाला सुमारे अडीच मेगाबाइट. फ्लॉपीत ते मावणार नव्हतं, म्हणून अख्खी हार्ड डिस्कच पिशवीत घालून त्याने ती बाईंकडच्या ४८६ प्रोसेसरच्या मशीनला जोडली. नातवासाठी घेतलेलं ते मशीन. त्यात ‘साउंड ब्लास्टर प्रो कॉम्पॅटिबल’ असं खोक्यावर छापलेलं एक स्वस्तातलं कार्ड होतं.

बाईंनी तानपुरा जुळवून घेतला, फाइल लावली आणि पहिल्याच आलापाला हात वर केला. शिष्याच्या घरी तीच फाइल याच तानपुऱ्याशी बरोबर जुळत होती. त्याने शपथेवर सांगितलं. मशीन ज्या दुकानातून घेतलं त्यांनी ऐकूनच न घेता सांगून टाकलं होतं, की मशीन स्लो आहे, पेंटियम घ्या.

हे उत्तर मला मुळातच पटलं नाही. प्रोसेसर कमी पडला तर आवाज तुटतो, मध्ये गचके बसतात. सूर खाली येत नाही. कार्ड आपल्या स्वतःच्या घड्याळावर चालतं. मेमरीतला पुढचा तुकडा डीएमएने त्याच्याकडे येतो, कार्ड तो आपल्या गतीने वाजवतं आणि तुकडा संपला की इंटरप्ट देऊन पुढचा मागतं. माल वेळेवर पोचला नाही तर खंड पडेल. पण वाजतंय तोवर गती ठरवणारं कार्डच. आणि सेकंदाला ४४,१०० बाइट पुरवणं हे ४८६ ला अजिबात जड नव्हतं.

त्या दुपारी मी गेलो तेव्हा बाईंनी मला आधी खाली बसवलं. “तुम्ही स्क्रू काढण्याआधी ऐका,” म्हणाल्या. काळी चारच्या पट्टीत जुळवलेला तानपुरा. कॅसेट डेकवर मूळ टेप लावली. गुरूंचा षड्ज तानपुऱ्यात असा मिसळला की दोन आवाज वेगळे काढता येईनात. मग कॉम्प्युटरवर तीच जागा लावली. आता मलाही कळलं. मी काही गाणारा नाही, पण दोन तारा किंचित बेसूर असल्या की जो डोल येतो तो स्पष्ट ऐकू येत होता. सेकंदाला जवळजवळ तीन.

“एका श्रुतीने उतरलंय,” बाई म्हणाल्या. “अर्धा स्वर नाही. श्रुती.”

श्रुती म्हणजे अर्ध्या स्वराहूनही बारीक अंतर. बाईंचं हे बोलणं मी वहीत लिहून घेतलं, कारण एवढं नेमकं माप मला कुठल्याही टेस्ट प्रोग्रॅमने कधी दिलं नव्हतं. कार्डाबरोबर आलेला टेस्ट प्रोग्रॅम चालवला तर तो सगळं ठीक असल्याचं सांगत होता. पत्ता बरोबर, इंटरप्ट ५, डीएमए १, डावा स्पीकर, उजवा स्पीकर. त्याच्या दृष्टीने तक्रारच नव्हती.

डेक तोच, तानपुरा तोच, फाइल तीच. उरलं कार्ड. सूर खाली म्हणजे फाइल हळू वाजतेय आणि हळू वाजत असेल तर ती उशिरा संपली पाहिजे. मी मनगटावरचं घड्याळ काढून पुढ्यात ठेवलं आणि बरोबर दहा मिनिटांची ती फाइल शेवटपर्यंत वाजवली. साडेआठ सेकंद जास्त लागले. बाईंच्या कानाला आता घड्याळाची साक्ष मिळाली होती.

इथे थोडं मागे जायला हवं. तेव्हाच्या डॉस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आवाजासाठी सामाईक ड्रायव्हर असा प्रकारच नव्हता. प्रत्येक गेम थेट कार्डावरच्या चिपशी बोलायचा. १९८७ मध्ये अ‍ॅडलिब कार्ड आलं, त्यात यामाहाची वायएम ३८१२ चिप, नऊ आवाजांची. १९८९ मध्ये क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर काढलं तेव्हा तीच चिप त्यात बसवली, म्हणजे अ‍ॅडलिबचे सगळे गेम आपोआप चालले, आणि जोडीला खरा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारा भाग दिला. गेम लिहिणारे त्याच्यामागे गेले. मग बाकीच्या सगळ्या कार्डांना साउंड ब्लास्टरची नक्कल करणं भाग पडलं. तापकीर गल्लीत मिळणारं कुठलंही कार्ड उचला, खोक्यावर ते लिहिलेलं असायचंच. नक्कल करायची म्हणजे मूळ कार्डाच्या मर्यादांसकट करायची, नाहीतर जुने गेम चालणार नाहीत. सूर उतरण्याचं मूळ या मर्यादांमध्येच होतं.

माझ्याकडे साउंड ब्लास्टरच्या प्रोग्रॅमिंगच्या झेरॉक्स केलेल्या नोट्स होत्या. बाईंच्या पाटावर त्या पसरल्या. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टरला, आणि १९९१ च्या साउंड ब्लास्टर प्रोलाही, ‘सेकंदाला २२,०५० सॅम्पल वाजव’ असं सरळ सांगता येत नाही. दोन सॅम्पलांमध्ये किती मायक्रोसेकंदांचं अंतर ठेवायचं ते सांगावं लागतं, तेही पूर्णांकात. दहा लाखाला सॅम्पलच्या संख्येने भागायचं, उत्तर २५६ मधून वजा करायचं आणि तो आकडा कार्डाला द्यायचा. स्टिरिओत डावं-उजवं आळीपाळीने जातं, म्हणून संख्या दुप्पट धरायची. ४४,१०० ने दहा लाखाला भागलं तर २२.६८ येतात. कार्डाला अपूर्णांक कळत नाही. प्लेअर त्याचे २३ करतो आणि २३३ हा आकडा पाठवतो. २३ मायक्रोसेकंदांनी वाजलेली फाइल म्हणजे सेकंदाला २२,०५० ऐवजी सुमारे २१,७३९ सॅम्पल. जवळजवळ दीड टक्का कमी. दहा मिनिटांत साडेआठ सेकंद. घड्याळाशी तंतोतंत.

मग मी सुराचा हिशेब केला. दोन लगतच्या स्वरांमधल्या अर्ध्या स्वराचे शंभर भाग पाडले तर कार्ड साधारण २५ भागांनी उतरलं होतं. बाईंना विचारलं, श्रुती म्हणजे किती? त्यांनी ‘रे’च्या दोन जागा, चतुःश्रुती ऋषभ आणि त्रिश्रुती ऋषभ, लागोपाठ गाऊन दाखवल्या. त्या दोघांमधलं अंतर ८१ ला ८० या प्रमाणाचं, म्हणजे त्याच मापात साडेएकवीस भाग. कागदावरचा २५ आणि बाईंची श्रुती यांत फरक उरला जेमतेम तीन भागांचा. वायर, व्होल्टेज, व्हायरस अशा शंका काढणाऱ्या सगळ्यांपेक्षा त्या बाई दुखण्याच्या जास्त जवळ होत्या, तेही केस उघडल्याशिवाय. गिऱ्हाइकाने सांगितलेलं लक्षण आपल्या यादीत नाही म्हणून झटकून टाकणारे कारागीर मी खूप पाहिलेत आणि मला त्याची चीड येते.

गणित बरोबर आहे की नाही हे तिथेच तपासता येणार होतं. माझ्या फ्लॉपीवर स्टिरिओ फाइलची मोनो करणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. मोनोत दुप्पट धरावं लागत नाही. दहा लाख भागिले २२,०५० म्हणजे ४५.३५, त्याचे ४५. आता कार्ड सेकंदाला २२,२२२ सॅम्पल वाजवणार, म्हणजे सूर उतरायच्या ऐवजी किंचित चढला पाहिजे, १३ भागांनी. बाईंना यातलं काही न सांगता मी मोनो फाइल लावली.

तानपुऱ्यावर बोटं फिरत होती. चार-पाच आवर्तनं गेली.

“आता चढला,” त्या म्हणाल्या. “मघाच्या निम्माच, पण चढला.”

त्यांचा शिष्य तेवढ्यात कारखान्यातून सुटून आला होता. तो माझ्या वहीतल्या २५ आणि १३ कडे बघतच राहिला.

उपाय दोन होते. साउंड ब्लास्टर १६ घ्यायचं, कारण १९९२ च्या त्या कार्डाला सॅम्पलचा आकडा सरळ सांगता येतो, भागाकाराची भानगड नाही. पण बाईंना नवं कार्ड परवडण्यातलं नव्हतं. आणि चालू कार्ड टाकून देणं मलाही पटेना. दुसरा उपाय फुकटचा होता. दहा लाखाला निःशेष भाग जाईल असाच आकडा निवडायचा. सेकंदाला २०,००० सॅम्पल, स्टिरिओत ४०,०००, भागाकार बरोबर २५, कार्डाला द्यायचा आकडा २३१. अपूर्णांक नाही, म्हणजे चूक नाही. २०,००० सॅम्पलमध्ये १०,००० हर्ट्झच्या वरचं काही टिकत नाही, पण तालमीच्या जुन्या कॅसेटीत तिथे टेपच्या सळसळीशिवाय फारसं काही नव्हतंच.

शिष्याच्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये सॅम्पलचा आकडा हाताने टाकता येत होता. डेक पुन्हा कोथरूडला गेला, तोच तुकडा २०,००० वर उतरला आणि हार्ड डिस्क पुन्हा पिशवीतून वाड्यात आली. बाईंनी फाइल लावली. डोल नव्हता. त्या पूर्ण दहा मिनिटं ऐकत राहिल्या आणि शेवटी गुरूंच्या मागोमाग एक तान घेतली.

पैसे मी फक्त फेरीचे घेतले. बाईंनी बळेच हातात साखरभाताचा डबा दिला.

पुढे सगळ्या कॅसेटी त्याच आकड्यावर उतरवल्या गेल्या. एका कॅसेटीत मात्र गुरूंचा सूर मूळ टेपवरच वाकडा येत होता. ती दुसऱ्या कुणाच्या तरी टेपरेकॉर्डरवर भरली होती आणि त्या यंत्राची गती तेव्हाच बिघडलेली असणार. तिच्यासाठी मी उलट गणित केलं. टेप किती चढी आहे ते बाईंनी कानाने सांगितलं आणि ती तेवढी उतरून मिळेल असा भागाकार मी काढला: २५ च्या जागी २६, कार्डाला २३० चा आकडा. पण मधला अपूर्णांक कार्डाला कळत नव्हता आणि एवढ्याने ती जरुरीपेक्षा जास्त उतरली, बाईंना पसंत पडली नाही. ती कॅसेट त्यांनी डेकवरच ऐकायची ठरवली, तानपुरा तिच्याप्रमाणे जुळवून घेऊन.