रेशन कार्डावर पोरीचं नाव चढेपर्यंत

आधी एकच सांगते. घरात मूल जन्मलं की जन्मदाखला हातात पडताच रेशन कार्डावर त्याचं नाव चढवून घ्या. तांदळासाठी नव्हे. उद्या त्या मुलाला मोठा आजार निघाला तर सरकारी योजना काय, ट्रस्ट काय, सगळे पहिल्यांदा तेच कार्ड मागतात.

माझ्या भावाची मुलगी दोन वर्षांची. तिच्या दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा निघाला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. बहुतेक करून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसते, फ्लॅशच्या फोटोत तर हमखास. काही मुलांचा डोळा तिरळा होतो. "मोठी झाली की जाईल" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडेच न्या. गाठ डोळ्याच्या आत आहे तोवर उपचार झाले तर बहुतेक मुलं वाचतात. बाहेर पसरली की सगळंच अवघड.

भाऊ बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला, घरात बीपीएल कार्ड. नातेवाईक म्हणाले मुंबईला टाटात न्या, आपली माणसं आहेत, बोलायला सोपं. खरं आमचं कार्ड कर्नाटकाचं, म्हणून बेंगळुरू ठरवलं. बिम्सची, म्हणजे बेळगावच्या सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी, नाडकचेरीतला (महसूल कचेरीतला) उत्पन्नाचा दाखला, पोरीचं लहान मुलांचं निळं आधार, हे सगळं विनातक्रार झालं.

अडकलो ते कार्डावर. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ज्याचं नाव कार्डावर आहे त्यालाच. आमच्या कार्डावर आई, बाबा, भाऊ, वहिनी. पोरगी नाही. म्हणून एका ट्रस्टकडे अर्ज केला. ते म्हणाले, आधी योजनेतून घ्या, उरलेलं आम्ही बघू, नाहीतर योजनेचं नकारपत्र आणा. योजनेच्या खिडकीवर गेलो तर म्हणे आम्ही नकार दिलेलाच नाही, नाव चढवून या. आणि नाव चढवायला गेलो तिथे सर्व्हर बंद!

दुरुस्तीची सोय कधी उघडणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. उघडली असं कानावर आलं की भाऊ खाडा करून धावायचा. रांगेत तास न् तास उभा राहायचा आणि पाळी येईपर्यंत परत बंद. सेवा केंद्रवाला म्हणायचा कचेरीत जा, कचेरीतला माणूस मान वर न करता म्हणायचा, "नाळे बर्री." उद्या या. उद्या गेलं की साहेब मीटिंगला. वहिनी पोरीला कडेवर घेऊन तिथल्या बाकावर बसून राहायची. पोरगी उजेडाला डोळे चोळत रडायची. समोरच्या माणसाला ती दिसत होती. मी त्याला मोबाईलवर डॉक्टरांचा कागद दाखवला, "साहेब, कॅन्सर आहे, थांबता येत नाही" म्हटलं. तो म्हणाला, सगळ्यांनाच घाई असते. त्या उत्तराचा राग आजही माझ्या मनातून गेलेला नाही. पगार आणि पेन्शन असलेल्या माणसाला एक अर्ज वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायला किती वेळ लागतो?

शेवटी वाट दाखवली ती रुग्णालयातल्या समाजसेविका बाईंनी. त्यांनी डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचं पत्र घेऊन दिलं: उपचार तातडीचे आहेत, उशीर झाला तर डोळा आणि जीव दोन्ही धोक्यात. ते पत्र जोडून मी कन्नडमध्ये लेखी अर्ज लिहिला, तालुक्याच्या मोठ्या साहेबांच्या नावाने, आणि आवक नंबर पडलेली पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलले नाही. तोंडी बोलण्याची कुठेच नोंद राहत नाही, पोच मात्र राहते. त्यानंतर नाव चढलं.

त्याच पत्रावर ट्रस्टने पहिल्या केमोचे पैसे थेट रुग्णालयात भरले, कार्डाची वाट न बघता. म्हणजे अशी सोय होती! पहिल्याच भेटीत कुणी सांगितली असती तर तेवढे दिवस पोरगी औषधाविना राहिली नसती. म्हणून तुम्ही स्वतःहून विचारा, "कागद पुरे होईपर्यंत तातडीची मदत मिळते का?"

केमो दर तीन-चार आठवड्यांनी. तेवढ्या लहान मुलाची डोळ्याची तपासणीसुद्धा भूल देऊन करावी लागते. प्रवास, खोली, बुडालेला रोज यांना योजनेत जागा नाही. दानाचा पैसा खरा तिथे उपयोगी पडतो. अर्जात हे खर्च वेगळे लिहा, नुसता "औषधोपचार" लिहून सोडू नका. बेंगळुरूत इक्षा फाउंडेशन खास याच आजाराच्या मुलांसाठी काम करते. मुंबईला जाणाऱ्यांनी राहायच्या सोयीसाठी सेंट ज्यूडची चौकशी करावी, तिथे कॅन्सरच्या मुलांना आईवडिलांसकट मोफत ठेवून घेतात. तुमचं गाव सीमाभागातल्या 865 गावांच्या यादीत असेल तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही विचारून ठेवा.

उजवा डोळा केमो आणि लेझरने वाचला. डावा काढावा लागला. भाऊ अडून बसला होता, "आक्का, पोरीचा डोळा काढायचा? उद्या लगीन कसं व्हायचं तिचं?" डॉक्टरांनी तासभर बसून त्याला समजावलं, तेव्हा त्याने सही केली. आता तिला कृत्रिम डोळा बसवलाय. चेहरा वाढेल तसा तो बदलावा लागतो, म्हणून त्या पुढच्या खर्चाचं ट्रस्टशी आताच बोलून ठेवलंय. पोरगी अंगणात कोंबड्यांमागे पळते, आणि मला तिचा फार अभिमान वाटतो.

दोन्ही डोळ्यांत निघाला की दोष जनुकातला असतो. म्हणून पाठच्या भावंडाला जन्मल्याबरोबर दाखवावं लागतं. वहिनीला सातवा महिना आहे, रुग्णालयात तसं कळवून ठेवलंय.

रेल्वेचं सांगायचं राहिलंच. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. त्याचा फॉर्म रुग्णालयातून सही-शिक्क्यासह घ्या आणि तिकीट स्टेशनवरच्या खिडकीवर काढा. प्रत्येक वेळी नवीन फॉर्म लागेल, म्हणून डिस्चार्जच्या दिवशीच पुढच्या फेरीचा मागून घ्या.