चोथा-पीठ: ड्रायरवाल्या खेपेचं कोडं सुटलं

गेल्या वेळी रडगाणं गायलो होतो की ग्लुटेन-मुक्त खाऊसाठी दोडामार्गहून मागवलेल्या कसाव्याच्या (साबुदाण्याच्या कंदाच्या) चोथ्याची नवी खेप काही केल्या साफ होत नाही, म्हणजे त्यातलं विषारी सायनाइड जात नाही. उन्हात वाळवलेल्या चोथ्याला जे पाणी लागू पडलं, तेच ड्रायरमधल्या चोथ्याला लागू पडेना. दोन्ही एकाच बागेतले, एकाच यंत्रावर किसलेले, सत्त्व काढून घेतल्यावर उरलेले. परवा रात्री भांडी विसळताना उत्तर सुचलं.

आपली पद्धत तीच, ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॅडबरींची. पीठ पातेल्यात घालून पातळीची खूण करायची, ढवळत ढवळत पाणी घालायचं. आधी पीठ बसतं, मग ओला गोळा पुन्हा खुणेपर्यंत चढतो, तिथे थांबायचं. एक सेंटिमीटरपेक्षा पातळ पसरून सावलीत ५ तास किंवा उन्हात २ तास. सायनाइड मूळच्या तिसऱ्या ते सहाव्या हिश्श्यावर येतं. आपल्याकडे मार्चमध्ये सावलीतही ३० अंश सहज असतात, म्हणजे ही पद्धत कोकणासाठीच बेतलेली म्हणायची. हे काम पडवीतच करा, बंद स्वयंपाकघरात नको. उडून जातो तो हायड्रोजन सायनाइड, अत्तर नव्हे.

उन्हातल्या खेपेची पिक्रेट पट्टी (सायनाइड असलं की पिवळ्याची तपकिरी होणारा कागद) दुसऱ्या दिवशी जवळजवळ पिवळीच राहिली. ड्रायरवाल्या खेपेची मात्र चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी तपकिरी. परत भिजवलं, तपकिरी. रात्रभर ठेवलं, तपकिरी. आमच्या शेजारच्या काकांचं म्हणणं, ‘भाजला काय सगळा जाता रे!’ म्हणून तेही करून पाहिलं. कोरडं भाजून पट्टी लावली, रंगात ढिम्म फरक नाही. आणि तो पडणारही नव्हता, कारण लिनामारिन, म्हणजे सायनाइड ज्यात बांधलेलं असतं ते मूळ संयुग, तव्याच्या आचेला दाद देत नाही. ते तोडायला लिनामारेज हे एन्झाइम लागतं. कंद किसला की दोघांची गाठ पडते, अ‍ॅसिटोन सायनोहायड्रिन तयार होतं आणि त्यातून वायू सुटतो.

कोड्याची किल्ली इथेच होती. पट्टीच्या किटमध्ये एन्झाइम आपण बाहेरून देतो, म्हणून पट्टी तपकिरी होते. लिनामारिन आहे, हे ती खरंच सांगते. पण परातीत भिजवताना एन्झाइम पिठाचंच स्वतःचं असावं लागतं, आणि ड्रायरवाल्याने ते मारून टाकलेलं! फोन करून विचारलं, ‘तापमान किती ठेवता?’ तर म्हणे, ‘८०, लवकर उरकतं.’ त्या आचेला लिनामारेज टिकत नाही. उन्हात संथ वाळलेल्या चोथ्यात ते शाबूत राहिलं. पाणी मिळालं की कामाला लागलं.

आंबवण्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: आंबट झाला की चोथा सुरक्षित झाला असं नाही. सामू (pH) ५ च्या खाली गेला की सायनोहायड्रिन तिथेच ठाण मांडून बसतं. म्हणून पश्चिम आफ्रिकेत गारी (कसाव्याचा भाजलेला रवा) करताना आंबवल्यावर दाबून पाणी काढतात आणि मग कढईत भाजतात. इथे भाजण्याला अर्थ आहे, कारण घालवायचं असतं ते सायनोहायड्रिन, लिनामारिन नव्हे. ती वाट मी सध्या बाजूला ठेवली आहे, पावसाळ्यात पाहू.

सालींचं पुन्हा सांगतो: खाण्याच्या कामाला साल नाही. सायनाइड तिथे गरापेक्षा कितीतरी जास्त. मी चोथा घेताना मूठभर पाण्यात पसरून सालीचे तपकिरी कपचे शोधतो. सापडले तर गोणी परत. सत्त्वाचं पहिलं पाणीही वहाळात सोडू नका, मासे मरतील.

पट्ट्यांबद्दल एक तक्रार. ऑनलाइन मागवलेलं एक पाकीट आलं तेच कडांना भुरकट. विक्रेत्याचं उत्तर, ‘वापरून पाहा.’ काय वापरणार, कपाळ? चांगली पट्टी लिंबासारखी स्वच्छ पिवळी असते. पिक्रिक अ‍ॅसिड आणून घरी पट्ट्या करायच्या फंदात मात्र पडू नका. ते कोरडं झालं की स्फोटक असतं. शिवाय रंगाच्या तक्त्यावर शून्य आणि १० यांतला फरक डोळ्यांनी ओळखणं म्हणजे निव्वळ श्रद्धा. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम आहे, म्हणून खाण्यात जाणारी प्रत्येक खेप प्रयोगशाळेतून मोजून घेतो.

उन्हातली खेप मोजणीत उतरली, तेव्हा नानकटाई केलीच. तांदूळ ६०, नाचणी २५, चोथा १५, तूप नेहमीचं. गेल्या वेळची भुसभुशीत चिरणारी कड या वेळी नाही. चोथा पाणी ओढून घेतो, म्हणून दोन चमचे दूध जास्त घालून पीठ अर्धा तास झाकून ठेवलं. मैद्याच्या चाळणीतून दोनदा चाळलं, तरी जिभेला किंचित रवाळ लागतं. मला ते आवडलं, घरच्यांना नाही. पावात मात्र चोथा १० टक्क्यांच्या वर गेला की पीठ बांधायला घातलेलं इसबगोलही हात टेकतं. दळण अर्थातच घरघंटीवर, जिने गहू कधी पाहिलेला नाही. नाक्यावरच्या गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असणारच, आणि ग्लुटेन-मुक्त म्हणायला किलोला २० मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं.

आता उरलेल्या ड्रायरच्या गोणीचं काय? टाकायची ठरवली होती. पण लिहिता लिहिता सुचतंय: लिनामारेज पेशीभित्तीला धरून असतं, म्हणजे ताज्या ओल्या चोथ्यात ते आहेच. दहा भाग मेलेल्या पिठात एक भाग ताजा चोथा कालवून भिजवलं तर? विरजणासारखं. साधं भिजवलेलं आणि विरजलेलं शेजारी शेजारी ठेवून पट्ट्या लावतो. फरक दिसला तरी खाण्यात नाही, आधी मोजणी.

आणि पुढची खेप वाळवूनच मागवायची का? चोथा किसल्या दिवशीच ओला उचलायचा, इथे पडवीत पातळ पसरून रात्रभर ठेवायचा, मग वाळवायचा, म्हणजे भिजवण्याचा खटाटोपच वाचेल. फक्त दोडामार्ग ते सावंतवाडी ओली गोणी टेम्पोत आंबू नये. ड्रायरवाल्याला ५० अंशांवर राजी करण्यापेक्षा ते सोपं दिसतंय. कुणी ओला चोथा बर्फावर आणला असेल तर किलोला किती बर्फ लागला ते सांगा.