शाप कुणी दिला?

आमच्या गेममधल्या भटक्या घोडेस्वार टोळ्यांची राजधानी ओसाड का पडली, हे लिहायचं काम माझ्याकडे होतं. चित्रं आधीच तयार होती: काळे बुरूज, निळ्या ज्वाळा, वेशीवर कवट्या. कथेच्या जागी एकच ओळ, ‘शामानाने शाप दिला.’ शामान म्हणजे टोळीचा मांत्रिक. त्या दिवशी मीटिंगमध्ये लेव्हल डिझायनरने विचारलं, “शाप दिला, ठीक. पण माणसं मेली कशाने?”

सगळे गप्प. मग मी काराकोरमचं सांगायला लागले. पर्वतरांग नव्हे, मंगोलांची राजधानी. ओगेदेई खानाने 1235 मध्ये तिला तटबंदी घातली. तिथल्या ऑर्खोन नदीचं खोरं गुरं-घोड्यांना उत्तम, पण शहराचं पोट भरेल एवढं धान्य तिथे पिकत नसे. इराणमधला इतिहासकार रशीदुद्दीन लिहितो, चीनकडून रोज 500 गाड्या भरून खाणंपिणं येई. 1254 मध्ये तिथे राहिलेल्या रुब्रुकच्या विल्यम या ख्रिस्ती साधूने चार वेशींवरचे बाजार नोंदवलेत: पश्चिमेला शेळ्यामेंढ्या, दक्षिणेला बैल आणि गाड्या, उत्तरेला घोडे, पूर्वेला धान्य. आणि लगेच म्हणतो, धान्य मात्र क्वचितच येतं. त्याच शहरात, खानाच्या महालात, पॅरिसच्या सोनाराने घडवलेल्या चांदीच्या झाडातून द्राक्षाची दारू वाहत होती!

1260 मध्ये मंगोलांच्या गादीसाठी चंगीझ खानाचा नातू कुबलाई आणि त्याचा धाकटा भाऊ अरिक बोके यांच्यात युद्ध पेटलं. कुबलाईने चीनकडून जाणारं धान्य अडवलं आणि काराकोरममध्ये उपासमार झाली.

आर्टवाल्यांना ज्वाळा सोडवत नव्हत्या. मी हट्टाला पेटले. धान्य एका माणसाने अडवलं होतं. त्याला जादूचं नाव दिलं की तो सुटतो आणि मेलेले नुसती सजावट होऊन राहतात. हे मला मान्य नव्हतं, आजही नाही.

संध्याकाळपर्यंत नकाशा बदलला. आता खेळणारा पूर्वेच्या वेशीतून आत येतो. बाहेर रस्ताभर गाड्यांच्या चाकोऱ्या, आत रिकामी कोठारं, तळापर्यंत खरवडलेले रांजण. कवट्या गेल्या. शाप ठेवला, पण एका म्हाताऱ्या मेंढपाळाच्या तोंडी. वाचलेली माणसं असंच काहीतरी म्हणत राहणार. गाड्या थांबवण्याचा हुकूम महालात सापडतो, शिक्क्यासकट. ज्वाळा एका चौकात अजून आहेत, त्यावर पुढच्या मीटिंगमध्ये बोलायचं ठरलंय.