परीक्षा नाही, मग श्रेणी कशावरून?

तुम्ही विचारलंत म्हणून. पालक सभेत विचारता, एसटीत शेजारी बसून विचारता. परवा लग्नाच्या पंगतीत जिलेबी वाढता वाढता एका मामांनी विचारलं, "पहिलीच्या पोरांची धड परीक्षा नाही, मग अ-१, ब-२ देता कशावरून? तोंड बघून?"

तोंडही बघते. पण आधी चिंचोके बघते. ढिगातून सात दे म्हटलं की पोर एकेकावर बोट ठेवत सात बाजूला काढतं. मग मी विचारते, "किती झाले?" काही जण पटकन "सात" म्हणतात. काही पुन्हा एकपासून मोजायला लागतात. त्यांना अंक पाठ आहेत, पण शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून, हे अजून डोक्यात बसलेलं नाही. पन्नासपर्यंत धडाधड म्हणणारं पोरही इथे अडकतं. आणि कागदावर? ३ उलटा काढला की ६ होतो, आणि पहिलीत पुष्कळ पोरं आकडे उलटे काढतात. पेपरात ते चूक. त्याच पोराला तोंडी विचारा, "तीन" म्हणतं आणि तीन चिंचोके तुमच्या हातावर ठेवतं. अडलंय गणित की वळण, ते पेपर सांगत नाही. २०१०च्या शासन निर्णयात पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण आकारिकचे ठेवले, म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडीकाम, कृती असल्या गोष्टींचे, आणि सत्राअखेरच्या संकलितला ३०. हवेतून काढलेले मार्क नाहीत ते, मामा.

आता तुमचा संशय कुठे खरा आहे, तेही सांगते. प्रगतिपत्रकावरच्या वर्णनात्मक नोंदी, 'स्वतःचे मत स्पष्टपणे मांडतो', 'परिसराविषयी कुतूहल दाखवतो' वगैरे, व्हॉट्सॲपवर तयार मिळतात. सत्र संपताना रात्री बसून त्या उतरवल्या जातात. मीही उतरवते. कंटाळा म्हणून नव्हे.

आमची शाळा पाटण तालुक्यात. निम्म्या घरांतले बाप मुंबईला, वाशीच्या मार्केटात माथाडी. पहिल्या सत्राचं प्रगतिपत्रक दिवाळीच्या सुट्टीआधी देतो, तेव्हा सणाला आलेले बापही सभेला येतात. एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. गाणी खणखणीत म्हणायची, बोलताना मात्र पहिल्या अक्षरावर अडकायची. मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'गाणी स्पष्ट म्हणते. बोलताना सुरुवातीला अडखळते. बोलायला वेळ द्यावा.' तीन वाक्यं, तिन्ही खरी.

तिच्या वडिलांनी मधलं तेवढं वाचलं. रात्रभर प्रवास करून आलेला माणूस, डोळे तांबारलेले. पोरीला पुढे ओढलं आणि म्हणाले, "म्हण, 'बाई'. नीट म्हण." सतरंजीवर पंधरावीस आया बसलेल्या. ती "ब… ब… ब" करत राहिली. "परत म्हण." परत तेच. मी मध्ये पडले, "अहो दादा, राहू द्या, असं केल्यानं वाढतं ते." ते माझ्याकडे वळले. "आम्हाला दिसत नव्हतं काय, बाई? घरात होतं ते. तुम्ही कागदावर आणलंत. उद्या पोरगी मोठी झाली की हाच कागद दाखवतील लोक." पोरगी फ्रॉकचं टोक तोंडात धरून चावत उभी होती.

सुट्टीभर दादांनी रोज संध्याकाळी तिच्याकडून 'ब'चे शब्द घोकून घेतले, असं तिच्या आईने नंतर सांगितलं. दिवाळीनंतर ती शाळेत बोलायचीच थांबली. हजेरीला नुसता हात वर. संक्रांत होऊन गेल्यावर एकदा गाण्यात सूर मिसळला, तेवढंच.

नोंद चुकीची होती असं मी आजही म्हणणार नाही. आरोग्य तपासणीचं पथक शाळेत आलं तेव्हा त्याच तीन ओळी मी डॉक्टरांपुढे ठेवल्या, म्हणून तिला पुढे तपासायला पाठवता आलं. 'मत स्पष्टपणे मांडते' असं लिहिलं असतं तर कोणी पाठवलं असतं? पण दादांचं वाक्यही मला खोडता येत नाही.

ही नवी पद्धत आली तेव्हा आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मी भाषण ठोकलं होतं : परीक्षा गेली, आता मुलांच्या मनातली भीती गेली. टाळ्याही मिळाल्या. त्या बाईला आज विचारावंसं वाटतं, परीक्षा निदान तासाभरात संपायची ना गं? आता आपण वर्षभर बघत असतो. पोर मधल्या सुट्टीत डबा कुणाबरोबर खातं, तेही लिहितो. ती म्हणेल, मग काय, पुन्हा पेपर आणि पहिला नंबर आणायचा? तेही नको. आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.

तूर्त असं करते. प्रगतिपत्रकावर गुळगुळीत ओळी. खरं ते माझ्या नोंदवहीत, तारखेसकट. तुमच्या पोराबद्दल विचारायचं असेल तर शाळा सुटल्यावर या. शेजारी बसून पानन् पान वाचून दाखवते. वही घरी नेऊ देत नाही, फोटोही काढू देत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, पालकांचा हक्क आहे तो. आहेच. तरी देत नाही.